ख्रिस्ती दैनंदिन जीवनात प्रार्थनेचे महत्त्व : ‘प्रभूच्या प्रार्थने’च्या मराठी रूपाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाविषयी बोलताना मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने, कोश, व्याकरणे आणि धर्मांतराचे सामाजिक परिणाम यांची चर्चा प्रामुख्याने होते. या समाजातील सामान्य स्त्री-पुरुष सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी काय म्हणतात, हा साधा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. वास्तविक कोणत्याही धर्माचे अंतरंग त्याच्या सणसमारंभांपेक्षा रोजच्या आचारातून अधिक कळते. नाताळ वर्षातून एकदा येतो, प्रार्थना रोज असते.

प्रार्थना म्हणजे देवाकडे काहीतरी मागणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. प्रार्थना केवळ मागण्यासाठी असती, तर गरज पडेल तेव्हाच ती करणे पुरेसे झाले असते. आजारपण, परीक्षा, कोर्टकज्जा, दुष्काळ अशा प्रसंगी माणूस देवाचा धावा करतोच आणि त्यासाठी ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नसते. ज्या दिवशी काहीही विशेष घडलेले नाही आणि घडणारही नाही, त्या दिवशीही ख्रिस्ती माणसाने प्रार्थना का करावी, हा खरा प्रश्न आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या आणि ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या मराठी शब्दांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात, तर लूककृत शुभवर्तमानात थोड्या संक्षिप्त रूपात अकराव्या अध्यायात आढळते. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स या सर्व पंथांत ती म्हटली जाते.

दिवसाचे विभाजन

प्रार्थनेच्या ठरावीक वेळा ही कल्पना ख्रिस्ती धर्माला यहुदी परंपरेकडून मिळाली. दानीएल परक्या देशात, राजाज्ञा विरुद्ध असतानाही, यरुशलेमच्या दिशेच्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. प्रेषितांच्या कृत्यांतही पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहराच्या प्रार्थनेसाठी मंदिराकडे जाताना दिसतात. ‘दिदाखे’ या अगदी प्रारंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा स्पष्ट निर्देश आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली केली, तिच्यात रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थनेच्या वेळा ठरल्या आणि त्यांच्या अधेमध्ये शेतकाम, स्वयंपाक व वाचन यांना जागा मिळाली.

मठातील ही व्यवस्था संसारी माणसाला पेलणारी नव्हती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने नेमका हा प्रश्न हाती घेतला. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावयाच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना दिल्या. १५४९ साली इंग्लंडमध्ये सिद्ध झालेल्या सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकात क्रॅन्मरने मठांतील अनेक वेळांचे सार सकाळ आणि संध्याकाळ या दोन उपासनांत आणले. ल्यूथरचे १५३५ मधील प्रार्थनाविषयक छोटे पुस्तक तर त्याच्या न्हाव्यासाठी लिहिलेले आहे. हजामत करताना न्हाव्याचे चित्त वस्तऱ्यावर जसे असावे लागते, तसे प्रार्थनेत चित्त असावे, हा त्यातील दाखला पांडित्यापेक्षा अधिक बोलका आहे.

कॅथलिक परंपरेत हेच काम घंटेने केले. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी एंजलसची घंटा होताच हातातले काम क्षणभर थांबवून प्रार्थना म्हणण्याची चाल वसईच्या किनारपट्टीवरील गावांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. राज्याश्रय गेला, तरी तेथील ख्रिस्ती समाज टिकला. त्याची अनेक कारणे असतील. घराघरात संध्याकाळी म्हटली जाणारी जपमाळ हे त्यांतील एक कारण मानावयास हरकत नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हाही प्रार्थनेला पुन्हा घराचाच आधार घ्यावा लागला होता.

‘तू’ आणि ‘आमचा’

मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणताना दोन सर्वनामे सहज तोंडून जातात. त्यांच्याकडे थांबून पाहिले पाहिजे.

पहिले सर्वनाम ‘तू’. येशूने देवाला ‘अब्बा’ म्हटले. तो अरामी भाषेत घरात बापाला हाक मारण्याचा शब्द होता. मराठी भाषांतरकारांनी ‘बाप’ वा ‘बाबा’ न योजता ‘पिता’ हा भारदस्त शब्द स्वीकारला, त्यामुळे संबोधनातील घरगुतीपणा काहीसा कमी झाला. पण क्रियापदे एकवचनीच राहिली. बऱ्याच मराठी घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत होती व आजही ती पुष्कळ ठिकाणी आहे. त्या घरातले मूल संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून स्वर्गातील पित्याला मात्र ‘तू’ म्हणते, म्हणजे जी सलगी फक्त आईशी असते तीच देवाशी करते. मराठी कानाला यात काही वावगे वाटले नाही, कारण पंढरीच्या विठ्ठलाला माउली म्हणून एकेरीत हाक मारण्याची सवय संतांनी या भाषेला आधीच लावलेली होती. नारायण वामन टिळकांनी पुढे आपल्या रचनांतून ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा एकत्रित नात्याने संबोधिले, ते याच वळणाचे आहे.

दुसरे सर्वनाम ‘आमचा’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत भेद आहे. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. इतर अनेक भाषांत या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत देवाला उद्देशून बोलताना ‘आम्ही’ हेच रूप येते, म्हणजे मागणारे सर्व एका बाजूला आणि ज्याच्याकडे मागायचे तो दुसऱ्या बाजूला. या ‘आम्ही’मधून वगळला जातो तो फक्त देव. माणसांपैकी कोणालाही त्यातून वगळण्याची सोय नाही.

विशेष असे की मत्तयाच्या ज्या अध्यायात ही प्रार्थना आहे, तेथेच ती एकांतात, खोलीचे दार लावून करावी असा उपदेश आहे. दाराआड एकटाच असलेला माणूस ‘माझा पिता’ न म्हणता ‘आमचा पिता’ म्हणतो. ‘माझी भाकर’, ‘माझे पाप’ असे शब्द या प्रार्थनेत कोठेच येत नाहीत. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू आहे, ज्या सहकाऱ्याशी बोलणे बंद आहे, तोही त्या बंद खोलीतील ‘आम्ही’मध्ये बसलेला असतो. रोज एकदा का होईना, त्याच्या वतीनेही मागावे लागते. जातीजातींत विभागलेल्या समाजात, आणि ख्रिस्ती मंडळ्यांतही जातिभेद पुरता नाहीसा झालेला नसताना, या सर्वनामाचा अर्थ हलका समजून चालणार नाही.

भाकर

प्रार्थनेचा पहिला भाग देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांविषयी आहे. त्यानंतर एकदम अन्नाची मागणी येते. हा उतार अनेक भाष्यकारांना अडचणीचा वाटला. मूळ ग्रीकमध्ये येथे जे विशेषण आहे, ते इतके दुर्मीळ आहे की ग्रीक लोकांच्या बोलण्या-लिहिण्यात ते आढळत नाही असे तिसऱ्या शतकातच ओरिजेनने नोंदवून ठेवले. ‘रोजची’, ‘उद्याची’, ‘निर्वाहापुरती’ असे त्याचे निरनिराळे अर्थ लावले गेले. संत जेरोमने लॅटिन भाषांतरात एकाच शब्दाचे लूकमध्ये एक आणि मत्तयात दुसरे असे दोन पर्याय वापरले. मत्तयातील पर्याय ऐहिक अन्नापलीकडच्या भाकरीकडे निर्देश करणारा आहे.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झालेल्या मराठी भाषांतराने ‘भाकर’ हा शब्द घेतला आणि प्रार्थनेला देशावरच्या जमिनीवर आणून बसविले. भाकर ही साठविण्याची वस्तू नव्हे. ती सकाळची संध्याकाळी कडक होते. बाजरीचे तर पीठदेखील थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून ते लागेल तसे दळावे लागते. अरण्यातील इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना ज्याने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्याच्याकडे त्यात किडे पडले, ही निर्गमातील कथा (अध्याय १६) ऐकणाऱ्यास ‘भाकर’ या शब्दाने ती लगेच उमगते. मागणी आजच्यापुरती आहे. उद्याची चिंता आज मागण्यात घालावयाची नाही. उद्या पुन्हा यायचे आहे. प्रार्थना रोज का, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते: जी वस्तू रोज लागते आणि साठविता येत नाही, ती रोजच मागावी लागते.

या शब्दाला एक कटू सामाजिक बाजूही आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि पुढे महार व मांग समाजातील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे, अनाथालये आणि मदतीची कामे चालविली. तेव्हापासून ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा टोमणा या समाजाच्या वाट्याला आला. मदत आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ झाली होती, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि तिच्यावर झालेली टीका सर्वस्वी निराधारही नव्हती. परंतु या टोमण्यामागे एक गृहीतक आहे. पोटाचा प्रश्न हलका आणि आत्म्याचा प्रश्न उच्च, असे ते गृहीतक होय. येशूने शिकविलेली प्रार्थना ही विभागणी मानीत नाही. तिच्यात देवाच्या राज्याच्या मागोमाग भाकर येते आणि पापक्षमेच्या आधी येते. ज्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, त्याने ही ओळ म्हणताना तिचा आध्यात्मिक अर्थ शोधला नसेल, म्हणून त्याची प्रार्थना कमी दर्जाची ठरत नाही. उलट भरल्या पोटी ती म्हणणाऱ्यालाच ‘आमची’ या शब्दाकडे पुन्हा वळावे लागते.

ऋण फेडणे आणि ऋण सोडणे

भाकरीनंतरची विनंती क्षमेची आहे. लूकमध्ये तेथे ‘पाप’ हा शब्द आहे. मत्तयात मात्र ‘ऋण’ आहे आणि मराठी भाषांतराने तो तसाच ठेवला. मराठी मनात ऋण या शब्दाला दोन वेगवेगळे संदर्भ आहेत. एक देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांचा. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो आणि यज्ञ, अध्ययन व संतती यांच्या योगे त्याने ते फेडावयाचे असते. दुसरा संदर्भ सावकाराच्या वहीचा. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे शोधून जाळले. ज्या गावांत ही प्रार्थना नव्याने म्हटली जाऊ लागली, त्यांच्या आसपासचाच हा मुलूख होता. अशा ठिकाणी ‘ऋण’ हा शब्द केवळ रूपक म्हणून ऐकला गेला असेल असे वाटत नाही.

दोन्ही संदर्भांत ऋण फेडावयाचे असते. प्रार्थनेत ते सोडावयाचे आहे. हा क्रियापदातील फरक ख्रिस्ती विचाराच्या गाभ्याशी संबंधित आहे. देवाचे ऋण फेडता येण्यासारखे नाही, ते त्यानेच सोडले तर सुटेल, ही त्यामागची धारणा आहे. मात्र त्याला जोडूनच एक अट येते: जसे आम्ही दुसऱ्याचे सोडले तसे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात राजाकडून प्रचंड रकमेची माफी मिळालेला चाकर बाहेर येऊन किरकोळ रकमेसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. रोज रात्री ही विनंती म्हणणारा मनुष्य रोज स्वतःला त्या चाकराच्या जागी उभे करून पाहतो. कौटुंबिक प्रार्थनेपूर्वी दिवसभराचे भांडण मिटवावे, निदान अबोला सोडावा, हा अनेक ख्रिस्ती घरांतील संकेत येथून आला आहे. अबोला धरून ‘आमची ऋणे’ म्हणणे कठीण जाते, हा या प्रार्थनेचा व्यवहारातील उपयोग लहान समजू नये.

येथे एका धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे. क्षमेचा उपदेश बहुधा दुर्बलालाच केला जातो. मार खाणाऱ्या स्त्रीला क्षमा कर म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, मारणाऱ्याला थांब म्हणून सांगणारे कमी. प्रार्थनेचा असा वापर तिच्या शब्दांशीच विसंगत आहे. ऋण सोडायचे तर ते होते हे आधी मान्य व्हावे लागते. वहीत नोंदच नाही असे म्हणणे म्हणजे ऋण सोडणे नव्हे, ते ऋण नाकारणे झाले. अन्याय लपवून मागितलेल्या क्षमेला या प्रार्थनेत आधार सापडत नाही.

पाठांतर आणि उत्स्फूर्तता

रोज तेच शब्द म्हटल्याने प्रार्थना यांत्रिक होते, हा आक्षेप जुना आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तो कॅथलिकांच्या जपमाळेवर घेतला. येशूनेही निरर्थक बडबडीविरुद्ध इशारा दिला आहे. तरीही त्या इशाऱ्याच्या लगेच नंतर त्याने पाठ करता येईल अशी प्रार्थना शिकविली, हे विसरून चालत नाही. महाराष्ट्रात तरी या वादाचे उत्तर पुस्तकांपेक्षा आचाराने दिले. वारकरी घरात संध्याकाळी हरिपाठ होतो आणि तोच हरिपाठ उद्याही होणार असतो. त्यातील प्रत्येक शब्दावर रोज मन एकाग्र होते असा कोणाचा दावा नसतो. शब्द जिभेवर राहतात आणि ज्या दिवशी माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी ते उपयोगी पडतात. मृत्यूच्या घरी उत्स्फूर्त प्रार्थना करणारे फार थोडे असतात. पाठ असलेली प्रार्थना मात्र सर्वांना म्हणता येते.

टिळकांचे मोठेपण या संदर्भात लक्षात येते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांनी १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या मधल्या काळातील ताटातूट आणि त्यानंतरचा संसार यांचे चित्र ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळक ज्या मंडळीत आले, तिच्या उपासनेत परकीय चालींवरील भाषांतरित गीतांचा भरणा होता. त्यांनी अभंग, पदे, भजने यांच्या रूपाने तिला घरची वाणी दिली. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. याहून तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले होते, पण ते प्रामुख्याने श्रवणाचे व वाचनाचे पुराण होते. टिळकांच्या रचना दळताना, स्वयंपाक करताना गुणगुणता येण्यासारख्या होत्या. रोजची प्रार्थना रोजच्या भाषेत आली की ती कामाच्या आड येत नाही.

उत्तर न मिळालेली प्रार्थना

रोज प्रार्थना करणाऱ्याला एका प्रश्नाला कधी ना कधी सामोरे जावेच लागते. मागितलेले मिळाले नाही, तर? यावर ‘श्रद्धा कमी पडली’ हे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत क्रूर आहे. शुभवर्तमानाचा त्याला पाठिंबा नाही. गेथशेमाने बागेत येशूने प्याला टळावा म्हणून विनविले. मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले. बडबडीविरुद्ध बोलणारा तो स्वतःच शब्दांची पुनरावृत्ती करीत होता, शिष्य झोपले होते आणि प्याला टळला नाही. पौलानेही आपल्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आणलेल्या शेकडो मुली तेथे राहत होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सर्व कामे त्या शिकल्या आणि दिवसाच्या कामाला सामुदायिक प्रार्थनेची जोड होती. १९०५ मध्ये तेथे जे प्रार्थनेचे उधाण आले, त्याची वार्ता दूरवर गेली. शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, ही गोष्ट शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या काही मिशनऱ्यांना रुचली नाही. आयुष्यभर ज्यांना आवाज चढविण्याची मुभा नव्हती, अशा विधवा आणि अनाथ मुलींचा तो आवाज होता, हे त्या नापसंतीत लक्षात घेतले गेले नसावे.

या आश्रमाची धुरा जिच्या खांद्यावर द्यावयाची, ती रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. तिच्यासाठी मुक्तीत प्रार्थना झाल्या नसतील असे मानणे अशक्य आहे. रमाबाईंनी तेव्हा बायबलचे सोप्या मराठीत, खेड्यातील स्त्रियांना समजेल असे भाषांतर हाती घेतलेले होते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही ते काम चालू राहिले, रोजची प्रार्थनाही चालू राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.